प्रेझेंटेशन कोणावर करू, आणि त्यातून पेशंटला काय मिळतं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मुंबईतून ओटीची (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून केले जाणारे उपचार) पदवी घेऊन पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेत आला आहात. सेमिनारमध्ये प्रत्येकाने ओटीतल्या एका कृष्णवर्णीय किंवा गोरेतर प्रवर्तकावर पंधरा मिनिटं बोलायचं आहे. त्यानंतर ‘याने माझ्या प्रॅक्टिसमध्ये काय बदलेल’ यावर दोन पानं लिहायची आहेत. नावं तुम्हाला सापडली, पण सगळी चरित्रं एकाच साच्यातली वाटतात: जन्म, शिक्षण, ‘पहिल्या कृष्णवर्णीय अमुक’, पुरस्कार. भारतात ओटीची पहिली शाळा काढणाऱ्या कमलाबाई निंबकर घेतल्या तर चालतील का, असंही विचारलंय. वर्गात भारतीय तुम्ही एकट्याच, त्यामुळे ‘संस्कृती’ हा शब्द निघाला की सगळे तुमच्याकडे बघतात. आणि शेवटी, जरा वैतागूनच, ‘खरं सांगा, याने पेशंटला काय फरक पडतो?’

शेवटचा प्रश्न आधी घेते, बाकी सगळे त्याच्याच पोटात आहेत. मी मुंबईत शिकले आणि बरीच वर्षं इथे अमेरिकेत रिहॅबमध्ये (पुनर्वसन विभागात) काम करते आहे. फील्डवर्कच्या विद्यार्थ्यांची सुपरवायझर म्हणूनही काम करते. चरित्र सांगून पेशंटला काहीही फरक पडत नाही, हे अगदी मान्य. भिंतीवर फोटो लावून कोणाचा खांदा उचलला जात नाही. पण या लोकांनी आपल्या पेशाला जे प्रश्न विचारले, ते आपल्या हातातल्या असेसमेंट फॉर्मला विचारून पाहिले तर फरक पडतो, आणि तो मी पाहिलाय. तुमची अडचण नाव निवडण्याची नाहीच. माणूस कुठल्या प्रश्नासाठी वाचायचा, हे ठरलेलं नसलं की सगळी चरित्रं सारखीच वाटतात.

आधी कशाकशावर अवलंबून आहे ते सांगते. पहिलं म्हणजे तुमच्या प्राध्यापकांना नक्की काय हवंय: इतिहास, सिद्धान्त की स्वतःबद्दलचं चिंतन? मार्कांचा तक्ता मागून घ्या. दुसरं, तुम्ही कुठल्या राज्यात आहात. टेक्ससमध्ये १ जानेवारी २०२४ पासून सरकारी विद्यापीठांतली विविधता-समावेशनाची कार्यालयं कायद्याने बंद झाली, पण वर्गातलं शिकवणं आणि संशोधन त्या कायद्यातून वगळलेलं आहे. प्रवेश देताना वंशाचा विचार करण्यावर सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये बंदी आणली, तोही वेगळा मुद्दा. म्हणून कुठे या सेमिनारचं नाव बदललं असेल, कुठे तो ऐच्छिक झाला असेल. पण व्यवसायाचा इतिहास आणि त्यामागची सामाजिक-राजकीय परिस्थिती शिकवायची, हे ॲक्रेडिटेशनच्या (कॉलेजांना मान्यता देण्याच्या) २०१८ च्या निकषांतच लिहिलेलं होतं; आता त्यांच्या जागी नवे निकष आले आहेत. त्यामुळे ‘हे अभ्यासक्रमात बसतं का’ याची फार काळजी तुम्ही करू नका. तिसरं, तुम्ही पुढे लहान मुलांत काम करणार, मनोरुग्णांत की स्ट्रोक (पक्षाघात) आणि हाताच्या दुखण्यांत? त्यावर माझं उत्तर बदलेल.

आता मूळ मुद्दा. ओटीचा जन्म आपल्याला पाठ असतो: १५ मार्च १९१७, न्यूयॉर्क राज्यातलं क्लिफ्टन स्प्रिंग्ज, जॉर्ज बार्टनचं घर, ओटीची पहिली संस्था स्थापणारी सहा माणसं. बार्टन, डन्टन, एलेनॉर क्लार्क स्लेगल, सुझन कॉक्स जॉन्सन, किडनर, इसाबेल न्यूटन. सगळे गोरे. त्यांचा दावा एका ओळीत सांगायचा तर, काम माणसाला बरं करतं. दावा चांगलाच आहे, मी त्याच्यावर पोट भरते! पण त्याच सुमाराला शेजारी काय चाललं होतं ते बघा. या सहांतले डन्टन हे मनोविकारतज्ज्ञ मेरीलँडमधल्या टाउसनला, शेपर्ड अँड इनॉक प्रॅट या खाजगी मनोरुग्णालयात होते. तिथल्या रुग्णांना त्यांनी विणकाम, लाकूडकाम असल्या कलाकुसरीत गुंतवलं, आणि त्याच अनुभवावर पुढे लिहिलं. त्याच मेरीलँडमध्ये, आज गाडीने तासाभराच्या वाटेवर, १९११ मध्ये क्राउन्सव्हिलला कृष्णवर्णीय मनोरुग्णांसाठी वेगळं सरकारी इस्पितळ सुरू झालं. ते उभं करायला हात कोणाचे लागले? रुग्णांचे. रान त्यांनी साफ केलं, बांधकामावर ते राबले, नंतर शेतीही केली. त्यालाही कामातून उपचारच म्हणत.

मी विद्यार्थ्यांना हे दोन प्रसंग शेजारी-शेजारी ठेवून एकच विचारते: दोन्हीकडे माणूस हाताने काम करतोय, दोन्हीकडे डॉक्टर ‘याने बरं वाटतं’ म्हणतोय. मग फरक कुठे आहे, आणि तो तुमच्या फॉर्ममध्ये कुठल्या रकान्यात दिसेल? बहुतेक जण पहिल्यांदा ‘क्रियेची काठिण्यपातळी’ वगैरे शोधत बसतात. थोड्या वेळाने कोणीतरी म्हणतं, काम कोणी निवडलं आणि त्याचं फळ कोणाला मिळालं, हे तर कुठेच लिहायला जागा नाही. तिथून खरा तास सुरू होतो. मराठी विद्यार्थी असला तर मी बाबासाहेबांची आठवण करून देते. जात म्हणजे नुसती श्रमांची विभागणी नाही, श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यांनी १९३६ मध्येच लिहून ठेवलंय. जन्माने वाट्याला आलेलं काम आणि निवडलेलं काम यातला फरक आपल्याला अमेरिकेने शिकवायची गरज नाही. पण ओटीच्या वर्गात बसलो की आपण तो घरी ठेवून येतो.

गोरेतर प्रवर्तक वाचायचे ते याच अंगाने. ‘काम बरं करतं’ या दाव्याला प्रत्येकाने एक पुरवणी जोडली: कोणाचं काम, कोणाचं बालपण, कोणाचा ‘मी’? ती पुरवणी सापडली की चरित्र आपोआप वेगळं दिसायला लागतं.

तुम्ही मुलांत काम करणार असाल तर डोळे झाकून लेला लॉरेन्स घ्या. जन्म १९३३, लुइझियानातलं श्रीव्हपोर्ट. ओटीची पदवी १९५३ मध्ये वेस्टर्न मिशिगनमधून, मग डेट्रॉइटच्या लाफायेट क्लिनिकमध्ये भावनिक अडचणी असलेल्या मुलांबरोबर काम. १९६९ चं स्लेगल व्याख्यान त्यांनी दिलं. हा आपल्या क्षेत्रातला सर्वोच्च शैक्षणिक मान १९५५ पासून दिला जातोय, आणि तो मिळालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय. पुढे फ्लोरिडा आणि सॅन होजेला विभागप्रमुख. झालं चरित्र, यात एक स्लाइड घालवा. उरलेला वेळ त्या व्याख्यानात काय आहे त्याला द्या, कारण वर्गातल्या निम्म्या लोकांनी ते वाचलेलंच नसतं. ‘पहिल्या कृष्णवर्णीय’ एवढं सांगून सगळे टाळ्या वाजवतात आणि पुढच्या स्लाइडवर जातात. मला तो प्रकार अपमानाचाच वाटतो.

त्या व्याख्यानात दहा गृहीतकं आहेत. गाभा असा: माणूस दोन दिशांनी वाढतो. एक आडवी दिशा, म्हणजे एकाच वयात शरीर, मज्जासंस्था, मन, भाषा, रोजची कामं, समाजात वागण्याची कौशल्यं हे सगळं एकमेकांच्या हाताला धरून वाढत असतं. दुसरी उभी दिशा, म्हणजे यातली प्रत्येक गोष्ट वयानुसार टप्प्याटप्प्याने पुढे जाते. आजार, अपघात किंवा परिस्थितीचा दाब आला की या विणीत कुठेतरी खंड पडतो आणि तो भरून काढायला मदत करणं हे थेरपिस्टचं काम. गेसेल, एरिक्सन, फ्रॉइड असे मुलांच्या आणि मनाच्या वाढीवर लिहिणारे, वेगवेगळ्या खोल्यांत बसलेले लोक त्यांनी एका तक्त्यात आणले. आज हे वाचताना ‘यात काय नवं’ असं वाटेल. नवं एवढंच, की सामाजिक-सांस्कृतिक कौशल्यं त्यांनी तळटीपेत टाकली नाहीत. हाताच्या पकडीच्या आणि तोलाच्या बरोबरीने त्याच ओळीत बसवली. १९७१ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय संस्कृती आणि मुलांची वाढ याच विषयावर अमेरिकन ओटी जर्नलमध्ये लेख लिहिला. दोन्ही एकत्र वाचा, म्हणजे व्याख्यानातलं ते ‘सांस्कृतिक’ शोभेपुरतं नव्हतं हे लक्षात येईल.

क्लिनिकमध्ये याचा उपयोग कसा? सात वर्षांचा एक मुलगा आहे असं धरा. लांबलचक आजारपणानंतर शाळेत परत आलाय. तुम्ही पेन्सिलची पकड बघता, दोन महिन्यांत अक्षर सुधारतं, गोल (उपचाराचं ठरवलेलं उद्दिष्ट) पूर्ण, डिस्चार्ज. आडवी रेघ मारून बघितलीत तर दिसेल की हात सात वर्षांचा झाला, पण पकडापकडी खेळताना राज्य आलं तर काय करायचं हे त्याला चार वर्षांच्या मुलाइतकंच कळतंय, कारण मधली वर्षं मोठ्या माणसांतच गेली. पुढचा गोल कुठला लिहायचा ते तो तक्ता सांगतो.

आता स्ट्रोकचं उदाहरण, जरा सविस्तर, कारण दोन पानांत तुम्ही लिहायचं ते साधारण असं काहीतरी. एक कृष्णवर्णीय बाई, शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या, उजवी बाजू कमजोर. माझ्याकडची विद्यार्थिनी सकाळच्या ग्रूमिंगच्या (केस, तोंड वगैरे आवरण्याच्या) सेशनला गेली. हुशार, नम्र मुलगी. बेसिनसमोर खुर्ची लावली, ब्रेक लावले, इस्पितळाच्या किटमधला कंगवा दिला. तो काळा, बारीक दातांचा, बोटभर लांबीचा, जो प्रत्येक पेशंटला मिळतो. बाईंनी कंगवा हातात घेतला, बघितला, खाली ठेवला. परत दिला, परत ठेवला. नोटमध्ये आलं: केस विंचरायला मध्यम मदत, पुढाकार कमी, प्रेरणेचा अभाव असण्याची शक्यता. म्हणजे उद्या कोणीतरी डिप्रेशनची चाचणी मागवणार.

ज्यांनी घट्ट कुरळे केस जवळून बघितलेत त्यांना कळेल, त्या कंगव्याने ते विंचरणं कोणालाच शक्य नाही, दोन्ही हात धड असले तरी. केस तुटतील, डोळ्यांत पाणी येईल. बाईंनी काम नाकारलं नव्हतं, हत्यार नाकारलं होतं. मुलीला फोन करून घरचं सामान मागवलं: रुंद दातांचा कंगवा, पाण्याची फवारणीची बाटली, केसांत राहू द्यायचं कंडिशनर, चार मोठ्या क्लिपा, रात्री घालायची सॅटिनची टोपी. दुसऱ्या दिवशी टेबल पुढे ओढलं, डावं कोपर टेकवलं, मान हाताकडे कलती केली. केस ओले करून चार भाग, एकेका भागाला क्लिप. उजव्या हाताला अजून बारीक काम जमत नव्हतं, पण बट धरून ठेवायला तो पुरेसा होता. आणि तो हात ते आपोआप करायला लागला, कोणी ‘उजवा वापरा’ म्हणून ओरडावं लागलं नाही. टोकाकडून सुरुवात, मग मुळाकडे. बाईच सांगत होत्या, विद्यार्थिनी शिकत होती. पाऊण तास लागला, दोनदा थांबावं लागलं, थकवा किती येतो तेही कळलं. गोल बदलला. ‘कमीत कमी मदतीने केस विंचरणे’ जाऊन तिथे आलं: शनिवारी रात्री बसून, दुसऱ्या दिवशीच्या चर्चसाठी पुढच्या दोन भागांचे पीळ स्वतः घालणे, मागचे मुलगी घालेल.

आपल्याकडे खोबरेल तेल लावून आजीने नातीची वेणी घालण्यात काय-काय असतं हे तुम्हाला सांगायला नको. तेवढंच इथे आहे. ही बाब फॉर्मच्या ‘सांस्कृतिक बाबी’ या शेवटच्या रकान्यात ‘चर्चला जातात’ एवढं लिहून संपली असती. लॉरेन्सच्या तक्त्यात ती रोजच्या कामांच्या शेजारी बसते, आणि म्हणून ट्रीटमेंटमध्ये येते. वाचनाने पेशंटला मिळतं ते हे, एक कंगवा आणि नोटमधून वगळलेली ‘प्रेरणेचा अभाव’ ही ओळ.

तुम्ही मोठ्यांच्या रिहॅबमध्ये किंवा मानसिक आरोग्यात जाणार असाल तर मायकेल इवामा हा दुसरा चांगला पर्याय. जपानी वंशाचे कॅनेडियन. त्यांचं म्हणणं असं की ओटीतली आपली बहुतेक मॉडेल्स (पेशंटकडे कसं बघायचं याचे आराखडे) मधोमध एकटा माणूस ठेवतात. तो ठरवतो, करतो, परिस्थितीवर ताबा मिळवतो. जपानमधल्या थेरपिस्टांना आणि पेशंटना हे चित्र आपलं वाटेना. म्हणून तिथल्या थेरपिस्टांबरोबर बसून त्यांनी ‘कावा’ मॉडेल तयार केलं, २००६ मध्ये त्यावर पुस्तक आलं. आयुष्य म्हणजे नदी, काठ आणि तळ म्हणजे भोवतालची माणसं आणि परिस्थिती, खडक म्हणजे अडचणी, वाहत आलेले ओंडके म्हणजे माणसाचे स्वभाव, पैसा, ओळखी, जे कधी अडतात तर कधी खडकाला ढकलतात. थेरपिस्टने बघायचं ते खडकांच्या मधल्या फटींकडे, जिथून पाणी अजून जातंय.

सासूबाई पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, त्यांना ‘आंघोळ स्वतंत्रपणे’ हा गोल दिला की त्या हसतात, कारण घरात सून आणि नात आहेत आणि त्यांना हवंय ते सकाळी देवापुढे खाली बसणं. हा प्रसंग तुम्ही मुंबईत पाहिलाच असेल. इवामा वाचले की त्या हसण्याला पेशंटचा असहकार न म्हणता माहिती म्हणता येतं. फक्त एक सावधगिरी बाळगा. कावा शिकल्यावर काही विद्यार्थी प्रत्येक आशियाई पेशंटपुढे कागद ठेवून ‘तुमची नदी काढा’ म्हणतात. सिलिकॉन व्हॅलीतल्या चाळिशीच्या तामिळ इंजिनिअरला कदाचित कॅलेंडर आणि कीबोर्ड परत हवा असेल, नदी नको असेल. आडनाव बघून मॉडेल निवडणं म्हणजे इवामांनी ज्याला विरोध केला तेच उलट बाजूने करणं.

तिसरं नाव यादीत नसेल तर घाला: एलेलवानी रामुगोंडो, केप टाउन विद्यापीठाच्या. त्यांनी मांडलेली कल्पना अशी की रोजच्या करण्यातूनच सत्तेची उतरंड टिकून राहते, आणि आपण काय करतोय, कोणाच्या सोयीचं करतोय याची जाण ठेवणं हाच बदलाचा रस्ता. वाचायला जड आहे. पण वर क्राउन्सव्हिलचं जे सांगितलं, त्याला नेमके शब्द देणारी मांडणी हीच. पंधरा मिनिटांत मात्र ती पेलवायची नाही, दोन पानांत एखाद्या परिच्छेदापुरती वापरा.

आता कमलाबाई. माझा जीव त्यांच्यात अडकलेला आहे, मी त्यांच्याच परंपरेत शिकले, म्हणून जरा कठोरपणे उत्तर देते: या असाइनमेंटसाठी मुख्य व्यक्ती म्हणून नको. त्या जन्माने एलिझाबेथ लंडी, अमेरिकेतल्या क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) घरातली गोरी मुलगी. विष्णू निंबकरांशी लग्न करून भारतात आल्या, कमला झाल्या, इथल्याच होऊन राहिल्या. फिलाडेल्फियाच्या ओटी स्कूलमध्ये शिकून परत आल्या आणि १९५० मध्ये मुंबईच्या केईएममध्ये भारतातली पहिली ओटीची शाळा उभी केली. १९५२ मध्ये ओटींची अखिल भारतीय संघटना झाली आणि त्याच वर्षी ओटींचा जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. स्वातंत्र्य मिळून पाच वर्षं झाली होती तेव्हा. फलटणची शाळा त्यांच्या नावाची आहे, हे बऱ्याच मराठी घरांत ठाऊक असतं. ओटीवाल्यांपैकी मात्र किती जणांना ठाऊक असतं, देव जाणे. योगदान डोंगराएवढं आहे. पण सेमिनारचा प्रश्न आहे वर्णामुळे ज्यांना दारं बंद होती किंवा अर्धीच उघडी होती त्यांच्याबद्दल, आणि फिलाडेल्फियाच्या दारात कमलाबाईंपुढे ती अडचण नव्हती.

तरी त्यांना शेवटच्या दोन मिनिटांत जरूर आणा, प्रतिप्रश्न म्हणून. ज्या केईएममध्ये त्यांनी शाळा काढली, त्याच्याशी जोडलेलं गोवर्धनदास सुंदरदास कॉलेज १९२६ मध्ये सुरू झालं तेच देणगीदारांच्या अटीवर: शिकवणारे भारतीय असले पाहिजेत. इंग्रजी राज्यात ही अट म्हणजे काय हे वर्गाला सांगा. मग विचारा: फिलाडेल्फियाहून आलेला अभ्यासक्रम अशा ठिकाणी रुजला तेव्हा त्यात काय बदललं आणि काय तसंच राहिलं? टेबल-खुर्ची, काटा-चमचा, बटणं आणि बुटांच्या नाड्या आपण किती वर्षं शिकवत राहिलो, आणि जमिनीवर बसून उठणं, पाटावर जेवणं, साडीच्या निऱ्या हे अभ्यासात कधी आलं? तुम्ही मुंबईत शिकलात, तुमच्या वेळच्या प्रॅक्टिकलच्या वह्या आठवून उत्तर द्या. वर्गात दुसऱ्या कोणाकडे ही माहिती नाही.

‘सगळे माझ्याकडे बघतात’ याबद्दल. ते बघणारच, या पेशात आजही गोऱ्या स्त्रिया बहुसंख्य आहेत. पण तुम्ही मुंबईच्या पदवीधर, महाराष्ट्रातल्या शहरी, शिकलेल्या घरातल्या. सगळ्या भारताच्या वतीने बोलायचं ओझं घेऊ नका, आणि कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या वतीने तर मुळीच नको. ‘हे मला माझ्या ठिकाणाहून दिसतं’ एवढं म्हणायचं आणि पुढे जायचं. एक भान मात्र ठेवा. भारतीय स्थलांतरित इथे डिग्री आणि व्हिसा घेऊन येतात, कृष्णवर्णीय सहकाऱ्यांची वाट वेगळी होती. दोघांनाही ‘गोरेतर’ म्हटलं म्हणून अनुभव एक होत नाही. शिवाय जातीच्या उतरंडीत आपण घरी कुठल्या पायरीवर होतो हेही आपलं आपल्याला माहीत असतं. ते चारचौघांत सांगितलंच पाहिजे असं नाही. लिहिताना विसरू मात्र नका.

एकटेपणा जास्त जाणवत असेल तर आधार आहे. कृष्णवर्णीय ओटींनी १९७४ च्या राष्ट्रीय अधिवेशनात आपलं ‘कॉकस’ (स्वतंत्र गट) उभं केलं, ते आजही विद्यार्थ्यांना मार्गदर्शक मिळवून देतं. आशियाई-पॅसिफिक वंशाच्या ओटींचीही वेगळी संघटना आहे. ओटीत विविधता यावी म्हणून २०१४ मध्ये निघालेल्या ‘कोटॅड’ या गटाच्या तर ओटी कॉलेजांत विद्यार्थी-शाखाच आहेत. तुमच्या कॉलेजात आहे का बघा. नसली तर शेजारच्या कॉलेजच्या बैठकीला जाऊन बसा, सहसा कोणी हाकलत नाही.

प्रेझेंटेशनची मांडणी मी अशी करीन. सुरुवातीला चरित्र नको, एक नोट दाखवा. काल्पनिक असली तरी चालेल, ‘केस विंचरणे: मध्यम मदत, प्रेरणा कमी’ असली. वर्गाला विचारा, यात काय सुटलंय. मग लॉरेन्स (किंवा इवामा) काय म्हणाले ते, त्यांच्याच लेखनातून, दुसऱ्याने केलेल्या सारांशातून नको. चरित्र त्या ओघात येऊ द्या: डेट्रॉइटच्या क्लिनिकमध्ये काम केलेल्या बाईलाच हा प्रश्न का पडला, अशा अंगाने. मग तीच नोट पुन्हा लिहून दाखवा. उरल्या वेळात कमलाबाई आणि तुमच्या प्रॅक्टिकलच्या वह्या. पंधरा मिनिटांत एवढंच मावतं.

दोन पानांसाठी: ‘मी अधिक संवेदनशील झाले’ हे वाक्य लिहू नका, प्राध्यापकांना ते पन्नास निबंधांत वाचावं लागतं. त्याऐवजी तुम्ही रोज वापरता तो एक फॉर्म घ्या, त्यातला एक रकाना निवडा आणि तिथे आता काय विचाराल, कोणत्या शब्दांत विचाराल, पेशंटने उत्तर दिलं नाही तर दुसरं काय बघाल ते लिहा. ‘घरून काय सामान आणायचं?’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारायचा की दुसऱ्या, इतक्या बारकाईने. वेळेचं गणितही मांडा, कारण पाऊण तासाचं सेशन विमा कंपनी आणि मॅनेजर दोघांनाही खुपतं. मदतीची पातळी, थकवा, कमजोर हाताचा वापर हे सगळं त्याच सेशनमध्ये मोजलं गेलं असं नोटमध्ये दाखवता आलं तर ते टिकतं, नाहीतर पुढच्या आठवड्यात पुन्हा तो बारीक कंगवा येतो.

मसुदा झाला की इथेच टाका, मी वाचेन, आणखी दोघं-तिघं ओटी इथे आहेत तेही वाचतील. टाकण्याआधी पेशंटची ओळख पटेल असं सगळं काढा: नाव तर नाहीच, वय, गाव, दाखल झाल्याची तारीख आणि चर्चचं नावसुद्धा.